संध्याकाळचं दूध

आमच्या बोरतळ गावात सकाळच्या दुधाला गाडी होती आणि संध्याकाळच्या दुधाला जमिलाखाला होती.

सकाळी डेअरीचा टेम्पो दौलताबादहून डोंगराच्या कडेकडेनं यायचा, वेशीजवळच्या लिंबाखाली थांबायचा आणि कॅन भरून निघून जायचा. संध्याकाळी तो येत नसे. गावात घरटी एक म्हैस, फार तर दोन. तेवढ्याशा दुधासाठी दुसऱ्यांदा घाट चढणं टेम्पोवाल्याला परवडत नव्हतं, आणि ते दूध सकाळपर्यंत ठेवावं तर उन्हाळ्यात आंबून जायचं. निम्मं दूध असं वाया गेलं असतं तर म्हैस सांभाळणं कुणालाच झेपलं नसतं. म्हैस नाही तर शेणखत नाही, आणि आमच्या मुरमाड जमिनीत शेणखत नसलं की ज्वारीचं कणीस मुठीतही भरत नाही. अंजिराची झाडंही खतावरच उभी होती. मला लहानपणी हे असं साखळीसारखं कुणी समजावलं नव्हतं. पण दिवस कलला की आई म्हणायची, "किटली खालाकडं पोचव, तवर शेतावरून जाऊन येते," आणि त्या एका वाक्यात सगळं होतं.

जमिलाखाला त्या दुधाचं पनीर करायची. शहरात मिळतं तसं लिंबू पिळून केलेलं, दाबून वड्या पाडलेलं नाही. तिचं पनीर डोड्यांचं. अत्ताराच्या दुकानात वाळलेली भुरकट फळं मिळतात, बोराच्या बीएवढी. ती रात्री फडक्यात बांधून पाण्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते पाणी कोमट दुधात घातलं की दूध फुटत नाही, दह्यासारखं एकसंध बसतं. मग ते सुरीनं हलकेच कापून वेताच्या छोट्या टोपल्यांत भरायचं आणि निथळू द्यायचं. पनीरच्या अंगावर टोपलीची वीण उमटायची. खाली निथळलेल्या पाण्यात, म्हणजे निवळीत, मीठ घालून त्यात बुडवून तिचा मुलगा करीम ते दौलताबादच्या किल्ल्याखालच्या खानावळींत आणि शहरातल्या दोन-तीन हॉटेलांत नेऊन द्यायचा. उरलेली निवळी ज्याच्या त्याच्या किटलीत परत यायची. गावात भाकरी निवळीतच मळत. साध्या पाण्याची भाकरी आम्हाला पाहुण्यांच्या घरी गेल्यावर माहीत झाली.

संध्याकाळी मी किटली घेऊन गेले की खाला ओट्यावर सूप घेऊन बसलेली असायची. बायका येत, दूध ओतत, गप्पा मारत, आणि ती खाली मान घालून ज्वारी निवडत राही. मला तपासायची सवय होती, म्हणून मी एकदा सुपात वाकून पाहिलं होतं. ज्वारी स्वच्छ होती. खडा नाही, काडी नाही. पुढच्या वेळीही तसंच. मला वाटलं, म्हातारीला दिसत नसेल.

गावातली कुठलीच हिंदू बाई मात्र पनीर करत नसे. आमच्याकडं दूध नासवत नाहीत. चुलीवर दूध उतू जाऊन जळलं तरी म्हशीच्या सडांना चिरा पडतात असं मानत, मग जाणूनबुजून, आपल्या हातानं नासवायचं म्हणजे तर कासच आटायची. म्हणून दूध खालाकडं. बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतल्यावर मी हे बोलून पाहिलं होतं. शेजारच्या भागूबाईला म्हटलं, "मावशी, डोड्यात विकर असतं. त्यानं दूध नासत नाही, गोठतं."

भागूबाई शेणाच्या गोवऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आता ह्ये म्हशीला इचारून ये. तिला फरक कळला तर मला सांग."

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपून मी गावी आले त्या उन्हाळ्यात खालाचे गुडघे पार गेले होते. डोळ्यांवर पडदा आला होता. करीम शहरात क्रांती चौकाजवळ एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता आणि रोज ये-जा करून थकला होता. तो आईला शहरात न्यायला आला त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायका खालाच्या ओट्याशी जमल्या. किटल्या भरलेल्या होत्या, पण कुणी ओतत नव्हतं.

"आता काय करायचं गं?" भागूबाई म्हणाली. "आमचं दूध कुणाच्या नावानं सोडायचं?"

"टेम्पोवाल्याला पोरगी देऊ तुझी," कुणीतरी म्हणालं. "मग येतोय बघ दोनदा."

"त्येला नऊवारी नेसवून बशिवलं तरी न्हाय यायचा त्यो."

हसल्या सगळ्या, आणि मग आपापल्या भरल्या किटल्यांकडं बघू लागल्या. सगळ्यांचं गणित एकच होतं. ज्यांच्याकडं जमीन थोडी त्यांचं आधी कोलमडणार होतं. भागूबाईचं, सांडूचं, आमचंही.

माझी आई वच्छलाबाई ओट्याच्या टोकाला बसली होती. ती सासरी आली तेव्हापासून खालाच्या हाताखाली टोपल्या धूत असे, निथळलेलं उलटवून देत असे. दुधाला हात लावत नसे, पण बघून बघून तिला सगळं येत होतं. ती म्हणाली, "मी करते."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. भागूबाई म्हणाली, "वच्छले, घरात म्हैस हाय तुझ्या."

"तुमच्या बी हायेत की. सगळ्यांनीच म्हशीचं बघितलं तर म्हशी ऱ्हातील का गावात?"

खालानं आईचा हात चाचपून धरला. "करशील तू. हात तयार हाय तुझा. पण बेटा, आधी म्हैस विक."

आई हसली. "खाला, म्हैस विकून पनीर कशाचं करू? हापशाच्या पाण्याचं?"

"लोकांच्या दुधाचं. मी कशाचं केलं?"

"न्हाय बाई. काजळी माझ्या माहेरची हाय. माझ्या भावानं वगार धाडली होती, हातानं वाढवली मी तिला. ती न्हाय इकायची."

खालानं हात सोडला. कारण विचारलं तर सांगितलं नाही. वेताच्या टोपल्या, पितळी पातेलं आणि डोड्यांची पुरचुंडी आईच्या पुढ्यात ठेवली. करीमनं मोटारसायकलला किक मारली. म्हातारी मागं बसली, तिनं ओढणी तोंडाशी धरली, आणि गाडी लिंबापाशी वळेपर्यंत एकदाही मागं बघितलं नाही.

आईचा पहिला घाणा कडू झाला. डोडे जास्त पडले होते. दुसरा बसलाच नाही; दूध फार गरम असेल तर विकर मरतं, हे मी सांगितलं आणि आईनं मनगटावर थेंब टाकून बघायला सुरुवात केली. तिसरा जमला. वडील रामकिसन सायकलच्या कॅरियरला डबा बांधून दौलताबादला गेले, आणि हॉटेलांसाठीचं करीम शहरातून तिथवर येऊन घेऊन गेला. दोन आठवड्यांत खानावळवाले म्हणू लागले की म्हातारीच्या हातचंच आहे. संध्याकाळी आता आमच्या ओट्यावर किटल्या लागत. आई ओतून घ्यायची, निवळी परत द्यायची, मध्येच कुणाची खोड काढायची. "भागूबाई, दूध हाय का हापशाला पान्हा फुटला?" आणि भागूबाई म्हणायची, "जास्त बोलशील तर निवळी मोजून घेईन."

मी आईला इतकी आनंदात क्वचित पाहिली होती. तरी एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, आणि ती तिनं मला दिसू दिली नाही.

काजळीचं रेडकू उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेलं होतं. आमच्याकडं रीत अशी की तीन सड माणसाचे आणि एक वासराचा. रेडकू होतं तोवर चौथा सड त्याचा होता. ते गेल्यावर आई चारही सड पिळू लागली, कारण पिणारंच कुणी नव्हतं. पण पनीर करायला घेतल्या दिवसापासून तिनं संध्याकाळी तो चौथा सड पुन्हा सोडून द्यायला सुरुवात केली. संध्याकाळचंच दूध नासवायचं होतं. म्हणून त्यातला मेलेल्या रेडकाचा वाटा तिनं बाजूला ठेवला. मनातल्या मनात काजळीशी तसा करार केला. सकाळी पिळायची, संध्याकाळी सोडायची. मला सांगितलं नाही, कारण मी हसेन असं तिला वाटलं.

पावसाळ्यात आमच्या गोठ्यात ओल राहते. श्रावण लागला त्या आठवड्यात एका संध्याकाळी आई धार काढायला बसली आणि लगेच उठून बाहेर आली. "काजळी हात लावू देईना," म्हणाली. काजळीनं तोवर आयुष्यात कधी लाथ मारली नव्हती.

मी जाऊन बघितलं. मागचा उजवा सड तापलेला होता, वरची कास दगडासारखी कडक. पिळलं तर दुधाऐवजी पाणी आलं, त्यात पांढऱ्या गुठळ्या आणि रक्ताचा लाल धागा. गावात ह्याला दगडी म्हणतात. पुस्तकात कासदाह. माझ्या बोटांवरची ती गुठळी मी बघत असताना आई मात्र म्हशीच्या डोळ्यांकडं बघत होती.

दौलताबादहून जनावरांचे डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, सडात औषधाची नळी सोडली. जाताना वडिलांना म्हणाले, "हा सड गेला समजा. बाकीचे तीन वाचतील. हा एक नीट पिळत नव्हता का तुम्ही?"

वडील म्हणाले, "पिळत होतो की." आई वैरण टाकायला आत वळली.

रात्रीपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्म्या किटल्या आल्या. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी आई फडकं पातेल्यावर ताणून, डोड्याचं पाणी गाळून बसली आणि ओटा रिकामा राहिला. अंधारायच्या जरा आधी भागूबाई आली. हातात किटली नव्हती.

"वच्छले, राग नाय गं तुझ्यावर. पण माझी म्हैस गाभण हाय."

"व्हय," आई म्हणाली. "संभाळ तिला."

भागूबाई जरा उभी राहिली, तिनं ओट्यावरचं पडलेलं पान उचलून बाहेर टाकलं, आणि गेली.

त्या दिवशी मी आईला सडाबद्दल विचारलं. तिनं सांगितलं. चुलीपुढं बसून, लाकूड आत-बाहेर करत, माझ्याकडं न बघता. मीही मग सांगितलं, जेवढं मला माहीत होतं तेवढं. की भरलेला सड रात्रभर ठिबकतो. ठिबकणाऱ्या सडाचं तोंड उघडं राहतं. म्हैस ओल्या शेणात बसते, जिवाणू आत जातात, आणि आत साठलेलं दूध त्यांना आयतंच खाद्य.

"म्हंजे मी सोडला म्हणून झालं?"

"शक्यता मोठी आहे."

"शक्यता नगं सांगू. व्हय का नाय सांग."

मला सांगता येईना. दगडी कुणाच्याही म्हशीला होते, सगळे सड पिळणाऱ्यांच्याही. एका म्हशीवरून कुणालाच खात्रीनं काही म्हणता येत नाही. मी तेच म्हणाले, आणि ते खरं होतं. पण आईला त्यातून धीर मिळाला नाही आणि दोषही नीट मिळाला नाही. ती म्हणाली, "तिचं भलं व्हावं म्हणून सोडला होता गं मी," आणि तव्यावरची भाकरी जळेपर्यंत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते करायला मला तरी जमलं नसतं. हापशावर सगळ्या बायका असताना ती मध्ये जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. सड कसा सोडला, का सोडला, त्यानं काय झालं. "पनीरनं काय झालं नाय," ती म्हणाली. "माझ्या येडेपणानं झालं. तुमच्या म्हशींना काय हुयाचं नाय. दूध आणा."

हापसा थांबला होता. भागूबाईच्या कडेवर भरलेली कळशी होती, तिनं ती खाली ठेवली.

"वच्छले, तू सड का सोडला?"

"सांगितलं की. भरपाई म्हणून."

"कशाची भरपाई?"

आईनं हापशाच्या दांड्याला हात टेकला.

"पाप नव्हतं तर भरपाई कशाची केली?" भागूबाईचा आवाज चढलेला नव्हता. उलट तिला ते विचारावं लागतंय ह्याचंच वाईट वाटत होतं. "तुला बी मनातनं तसंच वाटत होतं. मग आमाला कसं सांगती?"

मी मागं उभी होते. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते जिवाणूंबद्दलचं होतं, आणि प्रश्न त्यांच्याबद्दलचा नव्हताच.

त्यानंतर संध्याकाळचं दूध ज्याच्या त्याच्या घरी राहू लागलं. कुणी विरजण लावलं, पण एवढं दही खाणार कोण? कुणी लोणी काढलं. कुणी सरळ कुत्र्यांना घातलं. निवळी नव्हती म्हणून भाकऱ्या पाण्यात मळल्या जाऊ लागल्या आणि पोरं जेवताना तोंडं वाकडी करू लागली. पोळ्याच्या आधी सांडूनं म्हैस बाजारात काढली. त्याच्या बायकोनं सांगितलं, पेंडीचाही खर्च निघेना. मग आणखी एकाची गेली. भागूबाईचा नवरा म्हणाला, व्याली की आपलीही काढू. सांडूच्या गोठ्यापुढचा उकिरडा तेव्हापासून वाढायचाच थांबला, आणि तो रोज येता-जाता दिसायचा.

"खालाला भेटून यावं," आई एके दिवशी म्हणाली. मला वाटलं, काही युक्ती विचारायची असेल.

करीमची खोली क्रांती चौकातून आत एका बोळात, पहिल्या मजल्यावर होती. जिना लोखंडी आणि अरुंद. खाली गॅरेज, बाहेर रिक्षांचे हॉर्न. खाला खिडकीपाशी चटईवर बसली होती. पडदा काढायचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यानं तिला बरं दिसत होतं. आईला तिनं दारातच ओळखलं.

"ये बेटा, ये. निवळीत भाकरी मळते ना अजून?"

आई तिच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. काजळीचा सड, बायका, हापसा, सगळं सांगितलं. खाला तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत राहिली. करीमची बायको चहा ठेवून बाहेर गेली.

"म्हैस विक म्हटलं होतं मी तुला," खाला शेवटी म्हणाली.

"पण का, खाला? त्येच तर सांगितलं नाय तुम्ही."

"कैसा सांगू? तुमच्याच घरची गोष्ट होती."

मग तिनं सांगितलं. निजामाचं राज्य गेलं त्या, पोलीस ॲक्शनच्या साली तिचा सासरा जालन्याच्या वाटेला गेला तो परत आला नाही. सासू वहिदाबी आणि कडेवरचं पोर, एवढंच घरात राहिलं. वहिदाबी आधी जहागीरदाराच्या स्वयंपाकघरात पनीर करायची; जहागीरदारही गेले होते. दार लावून ती किती दिवस आत बसून होती. तेव्हा आमची पणजी आवडाबाई संध्याकाळचं दूध घेऊन तिच्या दारात उभी राहिली. "कर ह्याचं काहीतरी," म्हणाली, "आम्ही रोज आणू." तिच्यामागं सगळा गाव दूध आणू लागला. हे मला माहीत होतं. आमच्या घरात ते अभिमानानं सांगतात.

"मगर आवडाबाईनं एक बोलली होती माझ्या सासूला," खाला म्हणाली. "बोलली, वहिदा, तुझी म्हैस इकून टाक. उद्या तुझ्या म्हशीला काय झालं तर ह्या बाया म्हणतील, बघा, दूध नासवल्यानं झालं. मग त्या यायच्या नाय, अन् माझ्यानं त्यांना आणवायचं नाय. सासूनं इकली."

आईनं डोळे पुसायचे थांबवले.

"जनावर म्हटल्यावर आजारी पडतंच ना बेटा? आज ना उद्या पडतंच. नसली तर पडत नाय." खालानं चहाची बशी आईकडं सरकवली. "मी लगीन होऊन आले तवा अब्बानं मला पण एक वगार दिली होती. अशीच, तुझ्यासारखी. माझ्या हातची. सासूनं दुसऱ्याच दिवशी परत धाडली. मी लई रडले. लई भांडले सासूशी. मग कळलं."

"आवडाबाईनं असं करायला सांगितलं?" आई हळू म्हणाली.

"वाईट बाई नव्हती गं ती. तिनं आमचं घर जगवलं. जसं जगवता आलं तसं."

मी खिडकीबाहेर बघत होते. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवतात की एखादा समज खरा का खोटा हे कळायला त्याची परीक्षा घ्यावी लागते. आवडाबाई आणि वहिदाबी, ह्या दोघींनी एक म्हैस विकून आणि एक परत धाडून ती परीक्षा कधीच होऊ दिली नव्हती. गावाचा समज तसाच शाबूत राहिला, आणि त्याच्या आडोशानं गावाच्या म्हशीही.

परत निघताना आई एस.टी. स्टँडकडं वळायच्या ऐवजी शहागंजात गेली. अत्ताराच्या दुकानात तिनं डोडे घेतले, मूठभर नाही, चांगली मोठी पिशवी. फळं हातात घेऊन एकेक दाबून बघितली. तिनं काय ठरवलंय ते मला तेव्हाच कळलं. वडिलांना घरी गेल्यावर कळलं.

काजळी पाचोडच्या बाजारात विकली. जवळचे बाजार होते, पण आई म्हणाली, "लांब इका. इथं कुणाच्या दारात बांधलेली मला दिसाया नको." तीन सडांच्या म्हशीला गिऱ्हाईक लवकर मिळेना, वडील दिवसभर उभे राहिले. जायच्या दिवशी पहाटे आईनं तिची धार काढली. तिन्ही सड, आणि मग त्या चौथ्या, सुरकुतलेल्या सडालाही तेलाचा हात लावला. त्यातून आता काही येणार नव्हतं. टेम्पोत चढताना काजळी मागं वळून हंबरली. आई गोठा झाडत होती. तिनं झाडणं थांबवलं नाही. संध्याकाळी वडील नुसतं दावं घेऊन आले. जनावर विकलं तरी आमच्यात दावं विकत नाहीत.

पुढच्या संध्याकाळी आईनं ओटा सारवला, पातेल्यावर फडकं ताणलं आणि बसून राहिली. पहिली भागूबाई आली. गोठ्याकडं तिनं एकदा बघितलं. रिकाम्या खुंट्याकडं. मग किटली तिरकी करून सगळं दूध फडक्यावर ओतलं.

"निवळी ठेव गं माझी," म्हणाली.

"ठेवते."

भागूबाई जायला निघाली, परत वळली, आणि कमरेशी लपवलेला छोटा तांब्या काढून ओट्याच्या कडेला ठेवला. "ह्ये ओतू नको. चहाला घे तुमच्या."

तोपर्यंत आमच्या घरात दूध कुणाकडून घ्यावं लागलं नव्हतं. आईनं तांब्याकडं बघितलं, आणि बाई निघून गेल्यावर उचलून आत ठेवला.

हळूहळू बाकीच्याही आल्या. महिन्याभरात ओटा पुन्हा भरला. भागूबाईची म्हैस व्याली; तिचा नवरा बाजाराचं नाव काढेनासा झाला. सांडूनं दिवाळीनंतर नवी वगार आणली. पनीर चांगलं बसत होतं. खालाच्या वेळेपेक्षा चांगलं, असं खानावळवाला म्हणाला, आणि वडिलांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तिच्यापुढं म्हणू नका."

मी मात्र रोज एक गोष्ट बघत होते. दिवस कलला की गावातल्या म्हशी रानातून परत येतात. घंट्या वाजतात, धूळ उडते, प्रत्येक गोठ्यातून कुणीतरी हाक मारतं. त्या वेळी आई हातपाय धुवायची, कोनाड्यातली धारेची चरवी उचलायची, आणि दोन पावलं गोठ्याकडं जाऊन थांबायची. मग चरवी परत ठेवायची. हात रिकामे लोंबत राहायचे. किटल्या यायला अजून वेळ असायचा.

एके दिवशी करीमच्या फोनवरून खालानं विचारपूस केली. आईनं सांगितलं, सगळं ठीक हाय, बाया येतात.

"अन् म्हैस?"

"इकली."

मग खाला म्हणाली, "रडू नक्को. धार काढायच्या वेळेला काहीतरी काम काढून बस. हात गुंतला पाहिजे. मी जनमभर ज्वारी निवडली बेटा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेतावरून आले तेव्हा म्हशी गावात शिरत होत्या. आई ओट्यावर सूप घेऊन बसली होती, खाली मान घालून. मी तिच्या शेजारी बसले आणि सवयीनं सुपात वाकून बघितलं. ज्वारी आधीच निवडलेली होती.